घरचा घास

‘आणि इंदूला घास नाहीच दिला तर?’ मी विचारलं.

मूर्तिजापूरचं रेल्वे फाटक लागलं होतं. हेमंतनं गाडी बंद केली आणि काच खाली घेतली. मागच्या सीटवर इंदू केळीच्या पानांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपली होती.

‘देतील गं. एवढी काय घाबरून राहिली?’

‘आईंशी बोललास?’

तो मालगाडीचे डबे बघायला लागला. म्हणजे बोलला नव्हता. माझा नवरा भला माणूस आहे. पण अवघड गोष्ट आपण काढली नाही की ती आपोआप निघून जाते, अशी त्याची ठाम समजूत आहे. त्या निघून जातात कारण त्या मी निस्तरते, हे त्याला आजवर कळलेलं नाही.

‘मग मी आत्ताच सांगून ठेवते,’ मी म्हणाले. ‘तिला नसेल तर मलाही नको. सगळ्यांसमोर हात मागे घेईन.’

‘वसुधा, सणाच्या दिवशी कशाला...’

‘म्हणूनच आदल्या दिवशी सांगून राहिले.’

फाटक उघडलं. हेमंतनं गाडी सुरू केली आणि कारंजा येईपर्यंत रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत राहिला.

हा घास म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. माझ्या सासरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. बाकीचा महाराष्ट्र ज्यांना गौरी म्हणतो त्याच, पण आमच्या वऱ्हाडात त्यांचं जास्त कडक. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी आणि पंगतीला अख्खी गल्ली. पण पंगतीच्या आधी आमच्याकडे एक गोष्ट होते. नैवेद्याचं ताट महालक्ष्म्यांपुढे ठेवून खोलीचं दार लोटून घेतात. त्यांचं जेवण झालं असं समजून थोड्या वेळानं दार उघडतात, आणि मग घरातली मोठी बाई त्या ताटातला एकेक घास घरच्या माणसांच्या हातावर ठेवते. फक्त घरच्या. गोत्राबाहेर तो घास जात नाही. पाहुण्याला नाही, शेजाऱ्याला नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, कारण तिचं गोत्र बदललेलं असतं. सुनेला मात्र पहिल्या वर्षापासून.

माझं लग्न झालं त्या वर्षी मला त्या घरात मिठाचा डबा कुठे असतो हेही माहीत नव्हतं, आणि घास मिळाला. माझी नणंद कुंदाताई त्याच घरात जन्मली, वाढली. पहाटेपासून पुरण तिनंच वाटलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात बसून बघत होती. मला ते खटकलं, पण नव्या सुनेला काय काय खटकतं याची चौकशी कोणी करत नाही.

इंदू आमच्याकडे जूनमध्ये आली. सहा वर्षांची होती. अमरावतीच्या एका संस्थेतून तिला आणलं. कायद्यानं ती अजून आमची झालेली नव्हती. कोर्टाचा हुकूम यायचा होता, आणि तोवर ती आमच्याकडे नुसती सांभाळायला दिलेली होती. ‘आई’ ती पहिल्याच दिवशी म्हणाली. संस्थेत मुलींना शिकवून ठेवलेलं असायचं. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या आईच म्हणायच्या, त्यामुळे त्या हाकेनं मी काही विरघळले नाही. ती बोलायची कमी, बघायची फार. जेवताना आधी सगळ्यांच्या ताटांकडे बघायची आणि मग स्वतःच्या. मला वाटायचं, आपल्याला कमी वाढलंय का ते बघते.

मी अकोल्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तेव्हाही करायचे. इंदू आल्यावर येणारेजाणारे मला रक्ताच्या नात्याबद्दल सांगायला लागले. आता रक्त मी रोज बघते. नळीत भरलं की चिठ्ठी चिकटवल्याशिवाय कुणाचं कोणतं ते मलाही कळत नाही. हे उत्तर मी इतक्यांना ऐकवलं की लोकांनी विषय काढणं सोडलं.

पण सासरच्यांना ऐकवायला ते पुरेसं नव्हतं. मूल दत्तक घेतलेल्या आईबापांचा आमचा एक गट होता. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये जमायचो. चिवडा, चहा, लहान झालेल्या कपड्यांची अदलाबदल, कोणता डॉक्टर नको ते प्रश्न विचारत नाही याची माहिती, असं सगळं तिथे मिळायचं. गट चालवायच्या नलूताई साबळे. निवृत्त नर्स, दोन मुलांना दत्तक घेऊन वाढवलेलं, आवाज वॉर्डातल्यासारखा खणखणीत. महालक्ष्म्यांना नेऊ की नको, हे मी त्यांनाच विचारलं होतं.

‘खुशाल ने,’ त्या म्हणाल्या. ‘पण पाहुणी करून नको नेऊ. पोरीच्या हातात काम दे. कामाला लागलेलं माणूस घरातलं होते.’

‘आणि त्या घासाचं?’

‘ते तिच्या कानावर घालू नको. परीक्षा तुझ्या सासूची आहे, पोरीची नाही.’

म्हणून इंदूला मी काही सांगितलं नव्हतं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. किडकिडीत, सुती नऊवारी, आणि तोंडात मोजके शब्द. त्यांचा सगळ्यात आवडता शब्द ‘बरं’. त्या ‘बरं’चा अर्थ होकार, नकार, राग, कंटाळा यातला काहीही असू शकतो, आणि माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मला तो आवाजावरून ओळखता येत नव्हता.

त्यांनी इंदूवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाल्या, ‘प्रवासात उलटी झाली का हिला?’

‘नाही,’ इंदूच म्हणाली.

‘बरं.’

मी सामान ठेवलं आणि त्यांच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेले. मला पोटात गोष्ट ठेवता येत नाही.

‘आई, उद्याच्या घासाचं बोलायचं होतं.’

‘बोल.’

‘इंदूला मिळणार नसेल तर मीही घेणार नाही.’

त्यांनी पुरणाची डाळ बोटात धरून चेपून पाहिली. शिजली होती. पातेलं उतरवलं, गॅस बंद केला.

‘बरं,’ त्या म्हणाल्या.

झालं. पुढे काही नाही. मी दोन भाषणं तयार करून आले होते, ती तशीच राहिली.

कुंदाताई मागच्या पडवीत फुलोऱ्याची तयारी करत होती. फुलोरा म्हणजे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचे तळलेले पदार्थ. करंज्या, पापड्या, आणि त्यांच्या शृंगाराच्या वस्तू कणकेच्या केलेल्या: वेणी, फणी, कुंकवाचा करंडा. यवतमाळला तिच्या सासरी महालक्ष्म्या नाहीत, म्हणून ती दर वर्षी माहेरी यायची आणि सगळं काम अंगावर घ्यायची. मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी बाई. इंदूला बघून तिनं पाट पुढे ओढला.

‘तू इंदू काय? आमच्या आजेसासूचं नाव. बस, आजेसासूबाई. वेणी घालता येते का?’

‘येते.’

‘कणकेची?’

इंदूनं विचार केला. ‘केसांची येते. कणकेची पण तशीच असेल.’

‘बघ बाप्पा, हुशार आहे.’

मी सासूबाईंकडे पाहिलं. फुलोऱ्याला सोवळं लागतं, पारोशा हातानं शिवायचा नसतो. त्या दारातून म्हणाल्या, ‘आंघोळ घाल तिला आणि कुंदाचं जुनं परकर-पोलकं आहे ट्रंकेत, ते नेसव. मग बसू दे.’

तासाभरानं मी बघितलं तर इंदू मांडी घालून बसली होती, जीभ ओठाबाहेर काढून कणकेचे तीन पेड एकमेकांत गुंफत होती. संस्थेत लहान मुलींच्या वेण्या मोठ्या मुली घालायच्या, त्यामुळे हात सरावलेला होता. कुंदाताईची वेणी तिच्या वेणीपुढे गबाळी दिसत होती आणि कुंदाताईला त्याचंच जास्त हसू येत होतं.

‘आत्या, उद्या तुम्ही कुठे बसणार?’ इंदूनं विचारलं.

‘कधी?’

‘पूजेला.’

‘पूजेला सगळ्यांसोबत. घास घ्यायच्या वेळी मी तिथे, स्वयंपाकघराच्या दारात.’

‘का?’

‘तिथून सगळं दिसते,’ कुंदाताई म्हणाली आणि कढईत करंजी सोडली.

संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. उंबऱ्यापासून रांगोळीची पावलं, हळदीकुंकवाचे ठसे, थाळी वाजवायला इंदू. तिनं ती इतकी मन लावून वाजवली की शेवटी हेमंतला तिच्या हातातला चमचा काढून घ्यावा लागला. पूजा बापूकाकांनी सांगितली. बापूकाका म्हणजे माझे चुलत सासरे. पलीकडच्या गल्लीत एकटे राहायचे. घरातल्या सगळ्या धर्मकार्याचा अखेरचा शब्द त्यांचा, आणि तो ते नेहमी फार गोड आवाजात द्यायचे. गोड आवाजाच्या माणसाशी भांडता येत नाही, हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त खुपायचं.

पूजा झाल्यावर बाहेरच्या खोलीत चहाची वाट बघताना त्यांनी विषय काढला.

‘हेमंता, कोर्टाचं कुठवर आलं?’

‘दिवाळीनंतरची तारीख आहे, काका.’

‘म्हणजे अजून नावावर नाही.’

‘नाही.’

‘असं आहे नं,’ बापूकाका म्हणाले, ‘मी वाईट म्हणून नाही सांगत. पोरगी गुणाची आहे. पण ताटाचा नियम तो ताटाचा नियम. हुकूम येऊ दे, आपण दत्तविधान करू, मी स्वतः होमाला बसतो. मग पुढच्या वर्षी घास. एका वर्षानं काय बिघडते?’

हेमंत पंख्याकडे बघायला लागला.

‘काका,’ मी म्हणाले, ‘आमच्या लग्नाची नोंदणी अजून झालेली नाही. दर वर्षी करू करू म्हणतो आणि राहून जाते. इतकी वर्षं मग मी फुकटच घास खाऊन राहिले.’

‘तुझी सप्तपदी झाली, वसुधा. तू सात पावलं चालून या घरात आली.’

‘ती संस्थेच्या दारापासून आमच्या गाडीपर्यंत चालून आली. जास्तच झाली असतील.’

‘आता तू वाद घालते.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘घालतेच आहे.’

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, दार उघडंच होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी बापूकाकांपुढे कप ठेवला.

‘चहा घ्या, भाऊजी. निवेल.’

बस. त्या रात्री मी हेमंतला सांगून टाकलं की उद्या काही झालं तर पंगतीला न थांबता अकोल्याला निघायचं. सोळा भाज्या सोडून निघायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, पण ‘ठीक आहे’ म्हणाला. खरं सांगते, मला रडायलाच येत होतं. तीन महिने मी लोकांना चोख उत्तरं देत होते आणि त्या एका घासानं माझी पार गाळण उडाली होती. कारण बाकीच्यांनी इंदूला काही म्हटलं तर ते बाकीचे होते. इथे जर ती दाराबाहेर राहिली, तर मग आत घेणारं दुसरं घर नव्हतं. आणि पोरीला सगळं कळत होतं. तिच्यासारख्या मुलांना कोणती खोली आपली आणि कोणती नाही, हे मोठ्यांच्या आधी कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नैवेद्याचं ताट भरलं. फुलोरा टांगला गेला होता. मधोमध इंदूची वेणी. आरती झाली, दार लोटलं, आम्ही सगळे बाहेर गप्प बसलो. आत महालक्ष्म्या जेवत होत्या. इंदूनं दाराला कान लावला आणि कुंदाताईला खूण करून सांगितलं की काही ऐकू येत नाही.

मग सासूबाईंनी दार उघडलं आणि ताट घेऊन पाटावर बसल्या. आम्ही आत जाऊन त्यांच्यापुढे ओळीनं उभे राहिलो. कुंदाताई उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसली. पदरानं कपाळ पुसलं आणि हात मांडीवर ठेवले. दर वर्षी बसायची तशीच.

पहिला घास बापूकाकांना. दुसरा हेमंतला. मग सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

‘वसुधा, हात.’

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. ‘आधी इंदूला द्या, आई.’

‘आधी कशी देऊ?’ त्या म्हणाल्या. ‘मुलं आईच्या मागून घेतात. हेमंता आणि कुंदा, ही दोघंही लहानपणी माझ्या मागूनच घेत होती.’

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा पाठीमागचे हात सैल झाले. पण हट्टानं ‘तरी’ एवढं म्हणाले.

‘बरं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘इंदू, ये.’

इंदू पुढे झाली. उजव्या हाताखाली डावा हात धरून तिनं ओंजळ केली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिनं आधीच्या दोघांचं बघून ठेवलं होतं.

‘वहिनी,’ बापूकाका गोड आवाजात म्हणाले, ‘काल आपलं बोलणं झालं होतं.’

‘तुमचं झालं होतं. मी चहा आणला होता.’

‘पण अजून हुकूम...’

‘भाऊजी, वर बघा,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मधली वेणी हिनं केली आहे. ती महालक्ष्म्यांना चालली. तुम्हीच टांगली नं सकाळी? त्यांना हिच्या हातचं चालते, मग त्यांच्या ताटातलं हिला का नाही चालणार?’

बापूकाकांनी वर पाहिलं. वेणी खरंच त्यांनी टांगली होती आणि सुबक झाल्याबद्दल कुंदाताईचं कौतुकही केलं होतं. सासूबाईंनी वरणभात, पुरण, तूप असं एकत्र कालवून मोठासा घास इंदूच्या हातावर ठेवला.

गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण इंदूनं घास तोंडात घातला नाही. ओंजळ सांभाळत ती वळली, आमच्या ओळीतून बाहेर पडली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. कुणाच्या काही लक्षात यायच्या आत तिनं घासाचे दोन भाग केले. ‘आ करा,’ म्हणाली. कुंदाताईनं काय होतंय हे न कळून, लहान मूल सांगतंय म्हणून, आ केला. इंदूनं अर्धा घास तिच्या तोंडात घातला.

कुंदाताईचं तोंड बंद झालं आणि बंदच राहिलं. चावता येईना, कारण तो घास तिचा नव्हता. थुंकता येईना, कारण तो देवीचा होता. गाल फुगलेले, डोळे भरून आलेले, आणि ती आईकडे बघत होती. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. इंदू दोघींकडे बघत होती, आणि आपलं काही चुकलं असं तिच्या हळूहळू लक्षात येत होतं. तिचा उरलेला अर्धा घास हातातच होता.

‘अरे देवा, हे काय झालं,’ बापूकाका म्हणाले. या वेळी आवाज तितका गोड नव्हता.

मी पुढे होणार होते. सासूबाईंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी ताट खाली ठेवलं.

‘गिळ, कुंदे,’ त्या म्हणाल्या.

कुंदाताईनं मान हलवली. नाही म्हणून की रडू आवरेना म्हणून, ते समजलं नाही.

‘तोंडात घास ठेवून रडू नाही. ठसका लागते. गिळ.’

कुंदाताईनं गिळला.

‘वहिनी, इतक्या पिढ्यांचं...’ बापूकाकांनी सुरुवात केली.

‘मी घास इंदूच्या हातावर ठेवला,’ सासूबाई म्हणाल्या. ‘गोत्राबाहेर मी दिलेला नाही. इंदूनं पुढे त्याचं काय करायचं, ते मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?’

बापूकाकांनी आठवून पाहिलं. ते खोटं बोलणारे नव्हते. ‘नाही,’ ते म्हणाले.

‘मग झालं.’ आणि इंदूकडे वळून, आवाज जराही न बदलता, त्यांनी विचारलं, ‘का दिला गं आत्याला?’

इंदू घाबरली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलवली, सांग म्हणून.

‘मीराताईंकडे असंच असते,’ ती म्हणाली. मीराताई म्हणजे तिच्या संस्थेतल्या बाई. ‘प्रत्येकीची जोडीदारीण असते. जोडीदारणीच्या तोंडात काही नसेल तर आपण खायचं नाही. काल आत्या आणि मी जोडीनं वेण्या केल्या. म्हणून.’

मग जेवताना ही सगळ्यांच्या ताटांकडे का बघायची, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. कमी वाढलंय का ते ती बघत होतीच. स्वतःला नाही, आम्हाला.

‘बरं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आता आत्यानं खाल्लं. आता तू खा.’

इंदूनं खाल्लं. मग सासूबाईंनी मला घास दिला आणि मी तो घेतला. चव काही कळली नाही, नाक चोंदलेलं होतं. कुंदाताई दारातच बसून पदरात तोंड खुपसून रडत होती, आणि इंदू तिच्या शेजारी जाऊन बसली होती.

‘तिखट होतं का?’ इंदूनं विचारलं.

‘नाही गं बाई. मीच केलेलं आहे सगळं,’ कुंदाताई म्हणाली आणि तशीच रडता रडता मोठ्यानं हसली.

पंगती झाल्या. तीनतीनदा उठल्या. गल्लीतल्या बायकांनी इंदूकडे बघून घेतलं, काहींनी हळूच विचारलं, सासूबाईंनी ‘हेमंताची’ एवढंच उत्तर दिलं. ते इतकं तुटक होतं की पुढे कोणी विचारलं नाही. आम्ही अकोल्याला निघालो नाही, हे सांगायला नकोच. हेमंत तीन वाट्या आंबील प्यायला.

उन्हं कलल्यावर भांडी घासून झाली आणि घर जरा शांत झालं. इंदू स्वयंपाकघरात पाटावर बसून पुसलेले चमचे एका बाजूला आणि वाट्या एका बाजूला लावत होती. बापूकाका जेवून घरी गेले होते, ते परत आले. हातात एक लहानसा स्टीलचा डबा होता. ते बराच वेळ दारात उभे राहिले, पाणी मागितलं, पाण्याचा पेला रिकामा केला.

‘वहिनी, ताटात काही उरलं आहे का?’

‘आहे थोडं.’

‘एक घास मिळाला असता तर. उद्या नागपूरला जाऊन येईन म्हणतो. निमाकडे.’

निमा त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, बापूकाकांनीच तिला वाढवलं. लग्नानंतर ती एकाच वर्षी महालक्ष्म्यांना आली होती. त्या वर्षी ती कुंदाताईच्या शेजारी दारात बसली, वडलांनी सगळ्यांत आधी घास घेतलेला तिनं पाहिला, आणि त्यानंतर ती या सणाला कधी आली नाही. तिला सुटी मिळत नाही, असं बापूकाका सगळ्यांना सांगायचे. ती शाळेत शिकवायची, आणि आमच्याकडे महालक्ष्म्यांना शाळांना सुटी असते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोलत नसे.

सासूबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला. मला वाटलं आता त्या ताट आणायला उठतील. त्या उठल्या नाहीत.

‘भाऊजी, मी कशी देऊ? मी गोत्राबाहेर देत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘इंदूला मागा.’

बापूकाका त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यातल्या थोड्या शहाणपणाच्या क्षणांपैकी तो एक. मग ते भिंतीचा आधार घेत घेत खाली बसले, इंदूच्या समोर, जमिनीवर.

‘इंदूताई,’ ते म्हणाले, ‘माझ्या लेकीसाठी एक घास द्याल का?’

इंदूनं चमचे खाली ठेवले. ‘ती कुठे आहे?’

‘लांब आहे. नागपूरला.’

‘तिला दारात बसावं लागते का?’

‘बसली होती एकदा,’ ते म्हणाले.

इंदू उठली. न सांगता हात धुऊन आली, परकराला पुसले. महालक्ष्म्यांच्या खोलीत जाऊन तिनं ताटातून घास घेतला, आणि ओंजळ सांभाळत परत आली. डबा बापूकाकांनी उघडून धरला होता. तिनं आधी एक घास ठेवला, मग त्याच्या शेजारी, चिकटू नये असा जरा अंतरावर, दुसरा.

‘दोन कशाला?’ बापूकाका म्हणाले. ‘ती एकटीच आहे.’

‘एक तुमचा,’ इंदू म्हणाली. ‘तुम्ही तिच्यासमोर बसून खा. नाही तर ती कशी खाणार?’

बापूकाकांनी डब्याचं झाकण लावलं. पण ते लगेच उठले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले, आणि डबा मांडीवर धरून अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिले.